आधी पाय दाखवा

आमच्या घरमालकांइतकं मान खाली घालून जगणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा झाला नसेल. नम्रपणामुळे, असा गैरसमज मात्र कृपया करून घेऊ नका. नम्रपणा त्यांच्या वाटेला कधी गेला नाही, आणि गेला असता तर त्यांनी त्याला ‘सावधान’मध्ये उभा करून वेळेवर न आल्याबद्दल झापला असता. ते खाली बघत, कारण त्यांना माणसांचे पाय बघायचे असत. समोरून कोणी आलं की आपण चेहरा बघतो, ओळख पटली तर हसतो. हे आधी चप्पल बघत, मग टाच, मग बोटं, मग माणूस पाय टाकतो कसा ते, आणि एवढं सगळं करून वेळ उरलाच तर चेहरा. गल्लीतली निम्मी माणसं ते पायांवरूनच ओळखत. “तो वाकड्या अंगठ्याचा मास्तर आला होता,” असं ते आपल्या बायकोला सांगत, आणि तिला बिचारीला कोणता मास्तर ते बरोबर कळे. एवढ्या वर्षांच्या संसारात तीही हळूहळू खाली बघायला शिकली होती.

हे आमचे घरमालक फौजेतले डॉक्टर. दर्यापूरकडच्या एका लहानशा गावातून निघून, शिष्यवृत्तीवर शिकत शिकत नागपूरला डॉक्टर झाले आणि झाल्या झाल्या फौजेत गेले. एकाहत्तरची लढाई झाली तेव्हा ते पश्चिमेच्या सीमेवर होते, नवेकोरे कॅप्टन. पुढे बर्फ, वाळू, जंगल असं सगळं पायाखाली घालून मेजर म्हणून बाहेर पडले आणि अमरावतीला कॅम्पाच्या मागच्या अंगाला घर बांधून खालच्या मजल्यावर दवाखाना मांडून बसले. सरकारने त्यांना मेजरवर थांबवलं, पण गल्लीने नाही. आम्ही राहायला गेलो तेव्हा ते ‘कर्नलसाहेब’ होते. नाक्यावरची भाजीवाली त्यांना ब्रिगेडियर म्हणायची, कारण तिच्या मावसभावाने तो शब्द कुठून तरी आणला होता आणि तिला तो जड, म्हणून चांगला वाटला होता. आम्ही घर सोडेपर्यंत ते जनरलच्या आसपास पोचले होते. त्यांनी कोणाला कधी दुरुस्त केलं नाही. “गल्लीची बढती हाये बेटा, वापस करता येत नाई,” असं एकदा मला म्हणाले.

या घरात आमचा प्रवेश झाला त्याला वीसेक वर्षं होत आली. आम्ही तेव्हा अकोल्याला, माझे यजमान वीज मंडळात, त्यांची अमरावतीला बदली झाली आणि आम्ही खोल्या बघत फिरत होतो. कोणीतरी या घराचा पत्ता दिला. व्हरांड्यात एक उंच, काळेसावळे, खाडकन बोलणारे गृहस्थ बसलेले. ह्यांनी नमस्कार केला. त्यांनी “जय भीम, बसा,” म्हटलं, ह्यांच्या बुटांकडे बघितलं आणि पुढचं वाक्य आलं, “मोजे काढा.” ह्यांना वाटलं, घरात मोजे चालत नसतील. काढले. त्यातल्या एकाला भोक होतं, ते ह्यांनी मुठीत लपवलं. डॉक्टर पुढे वाकले आणि खुर्चीवर बसलेल्या माझ्या नवऱ्याच्या पायांची बोटं एकेक करून वेगळी करून बघू लागले. बँकेत, कचेरीत, लग्न जमवतानाही ह्यांच्यावर असा प्रसंग आला नव्हता. “बोटाइच्या मधात ओल राह्यते तुमच्या. अंघोळ करता, पन पुसत नाई,” त्यांनी निकाल दिला. मग माझ्या टाचांकडे एक नजर टाकली. “तुह्या टाचा बऱ्या हायेत बेटा. जा, वरच्या खोल्या पाहून घे.” आतून त्यांच्या पत्नी आल्या. त्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, सगळं गाव त्यांना मॅडम म्हणे. आमचे चेहरे बघून त्या हसायला लागल्या. “घाबरू नका जी. जावयालेही असंच पाह्यलं होतं ह्याहीनं. त्याचे तं नखंही कापून देल्ले होते.”

घर हवेशीर होतं, मॅडम देवमाणूस होत्या, आणि भाड्याच्या बाबतीत डॉक्टरांचं लक्षच नसे. त्यांचं लक्ष असे पाण्याच्या टाकीवर. लढाईत गोळीपेक्षा जुलाब जास्त माणसं आडवी करतात, हा त्यांचा सिद्धान्त. त्यामुळे आठवड्यातून एकदा ते स्वतः गच्चीवर चढून टाकीत पावडर टाकत आणि त्यात त्यांचा हात एखाद्या पलटणीला पुरेल इतका सैल असे. त्या दिवशी आमच्या चहाला पोहण्याच्या तलावाचा वास यायचा. वरण शिजलं की शेजारीण विचारायची, “फरशी पुसली का वं?” पण आमचा मुलगा त्या घरात जन्मला, वाढला आणि शाळेत जाईपर्यंत त्याला एकदाही पोटाचं दुखणं झालं नाही, हेही सांगितलं पाहिजे. जेवण मात्र डॉक्टर असं करीत की बघणाऱ्याच्याच पोटात दुखावं. पानावर बसले की मान खाली, आणि मॅडम दुसरी भाकरी घेऊन येईपर्यंत हात धुऊन मोकळे. “ह्याहीचं जेवन नाई, हल्ला असते,” मॅडम म्हणत. एकदा त्यांना आम्ही जेवायला बोलावलं. मी मोठ्या हौसेने पातोडीची रस्सेदार भाजी केली होती. मी लिंबू चिरून घेऊन आले तेव्हा पाहुणे व्हरांड्यात जाऊन बसले होते. कशी झाली विचारलं तर म्हणाले, “गरम होती.”

पण खरा त्यांचा जीव पायांत. मुलाबाळांच्या लग्नाला बोलवावं तरी पंचाईत, न बोलवावं तरी पंचाईत. पलीकडच्या गल्लीतल्या एका लग्नात नवरदेवाच्या पायात जरीची मोजडी होती, दिसायला राजेशाही आणि मापाने एक बोट कमी. माणूस मांडवात हसत होता, पण डॉक्टरांना तो हसताना दिसतच नव्हता. त्यांना दिसत होते ते त्याचे आखडलेले घोटे. हातात आहेराचं पाकीट घेऊन ते स्टेजवर चढले, फोटोसाठी उभे राहिले आणि फोटोवाल्याने तयार म्हटलं तसे खाली वाकले. “नवरदेव, पाय वर करा.” त्या मुलाला वाटलं, ही काही नव्या पद्धतीची रीत असेल. त्याने पाय वर केला. डॉक्टरांनी मोजडी उपसून काढली, फुगलेला करंगळीचा फोड सगळ्यांना दाखवला आणि मोजडी बगलेत मारून खाली उतरले. मेव्हण्या जोडे चोरायला टपून बसल्या होत्या, त्या बघतच राहिल्या. नवरदेवाने उरलेलं लग्न रबरी स्लिपरवर केलं. आज त्याचं चांगलं मोठं दुकान आहे बडनेरा रोडला, आणि स्टेजवरचा तो फोटो त्याने काउंटरच्या मागे मोठा करून लावलाय: नवरी हसतेय, नवरा एका पायावर, आणि डॉक्टरांची फक्त पाठ.

दरवर्षी पंधरा ऑगस्टला एखादी शाळा त्यांना भाषणाला बोलवायची आणि पुढच्या वर्षी दुसरी शाळा बोलवायची. पहिली परत बोलवत नसे. त्याचं कारण मी एकदा स्वतः ऐकलं, कारण ती मॅडमचीच शाळा होती. मुली रांगेत बसलेल्या, फुगे, पताका, ‘आता आपल्याला शौर्यकथा सांगतील’ अशी ओळख. डॉक्टर उठले, माइक खाली केला आणि संडासाचा चर कसा खणावा यावर बोलू लागले. वाऱ्याची दिशा कोणती घ्यायची, स्वयंपाकाचा तंबू किती लांब ठेवायचा, माती केव्हा टाकायची. एका धीट मुलीने मध्येच विचारलं, “सर, तुम्ही शत्रूला पाहिलं का?” “पाह्यलं ना. त्याचे मोजे ओले होते. आमचेही होते. आमी त्याले कोरडे देल्ले.” एवढं बोलून पुन्हा चराकडे वळले. मॅडमनी पदराने तोंड झाकलं होतं. हसत होत्या की कशाने, ते मला नीट दिसलं नाही.

दवाखान्यातही उलटाच कारभार. रोगी उंच खुर्चीवर आणि डॉक्टर खाली बुटक्या स्टुलावर. सर्दी असो, पित्त असो, कानात किडा जावो, “आधी पाय दाखवा.” सोयाबीनची कापणी झाली की शेतात खुंटं राहतात, सुयांसारखी टोकदार. त्या दिवसांत दर्यापूर, अंजनगावकडून जीप भरभरून माणसं येत आणि आपले चिखलाचे, भेगाळलेले, जखमी पाय या माणसाच्या मांडीवर ठेवायला लाजत. “साहेब, धुऊन येतो ना जी,” असं म्हणत उठायला लागत. “बस. धुवाचं काम माहं हाये,” असं म्हणून डॉक्टर त्यांना खाली दाबत. कोमट पाण्याचा टब, साबण, मऊ ब्रश, आणि तोंडाने फौजी हिंदीतल्या शिव्या. आपल्याला शिव्या घालत आपला पाय इतक्या हळुवारपणे धुणारा माणूस बघून त्या शेतकऱ्यांना काय वाटत असेल, याची मला तेव्हा कल्पना नव्हती. पुढे माझ्या घरातलाच पाय त्या टबात गेला तेव्हा आली.

त्या वर्षी दिवाळीला माझे बाबा आमच्याकडे आले. बाबांची शेती दर्यापूरच्या पुढे, काळी जमीन, कापूस आणि तूर. आयुष्यभर अनवाणी वावरात फिरलेला माणूस. शुगर निघून बरीच वर्षं झाली होती, पण गोळी ही पाहुण्यांसमोर खायची गोष्ट आहे अशी त्यांची समजूत होती. जिना चढायला लागले तेवढ्यात व्हरांड्यातून आवाज आला.

“भाऊसाहेब, मोजे काहून घातले जी?”

बाबा थांबले. “थंडी हाये.”

“थंडी अजून बडनेऱ्यालेही आली नाई. शेतकरी मानूस अन् मोजे? या इकडे. काढा.”

“मी पोरीच्या घरी आलो हावो, तपासणीले नाई आलो,” बाबांचा पाटीलकीचा आवाज लागला.

“घर माहं हाये,” डॉक्टर म्हणाले आणि स्टूल पुढे ओढलं.

मी पहिल्या पायरीवर पिशव्या घेऊन उभी. बाबांनी रागारागाने मोजा ओढला, आणि वास आला. तळव्याला करंगळीच्या खाली सुपारीएवढी काळी खोक पडली होती. कपाशीच्या पऱ्हाटीचं खुंट घुसलं होतं केव्हातरी, बाबांना कळलंच नव्हतं. गावच्या कोणीतरी हळद भरून दिली होती. “दुखत नाई ना जी,” बाबा म्हणाले, पण आवाज उतरला होता. “दुखलं असतं तं मी थांबलो असतो काय?”

“दुखत नाई हेच तं वांधा हाये,” डॉक्टर म्हणाले. ते एवढ्या हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

त्याच दिवशी भरती करा म्हणाले. माझा भाऊ अकोल्याला, त्याची ओळख, त्याचं घर, म्हणून तो गाडी घेऊन आला आणि बाबांना अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचा फोन आला. ताप चढला होता, शुगर आकाशाला भिडली होती, पायाची लाली घोट्याच्या वर सरकत होती. तिथले सर्जन म्हणत होते, गुडघ्याखाली पाय काढावा लागेल, उशीर झाला तर जीव जाईल. आणि बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. सहीला तयार नव्हते. एकच वाक्य धरून बसले होते, “मले घरी न्या. एका पायानं मी वावरात काय करू? मले माह्या घरी मरू द्या.”

मी फोन ठेवला आणि जिन्यावरच रडत बसले. खालून डॉक्टर आले. काही विचारलं नाही. “चाल बेटा,” म्हणाले आणि गाडी काढायला गेले.

ती त्यांची गाडी म्हणजे एक जुनी फियाट. निघण्यापूर्वी ते चारी चाकं वाकून बघत, दाबून बघत, कारण चाकं म्हणजे गाडीचे पाय. त्या दिवशीही बघितली. माझा जीव वर-खाली होत होता आणि हे आपले टायरवर थापा मारतायत. बडनेरा मागे पडलं. मूर्तिजापूरच्या अलीकडे चहाला थांबलो. कप हातात घेऊन ते एकदम बोलायला लागले, माझ्याकडे न बघता.

उसाचा फड होता म्हणाले, त्याच्या कडेला आमचा तंबू. समोरच्या वावरात जमिनीखाली सुरुंग पेरलेले. जवान पुढे जायचे आणि स्ट्रेचरवर परत यायचे. गोळी लागलेला माणूस विचारतो, साहेब, मी वाचेन का? सुरुंगावर पाय पडलेला तसं विचारत नाही. तो विचारतो, “साहब, पैर है?” ब्लँकेटच्या आत त्याला दिसत नसतं. “एक दिवस दुपारी एक पोरगा आनला. तो विचारते, ‘डाक्टरसाहेब, पाय हाये ना माहा?’ तथी, त्या तंबूत, आपल्या बोलीत! अचलपूरचा निघाला. मी म्हनलो, हाये. अन् कापला. कापाले उरलंच काय होतं तथी.” चहावाल्याने कप उचलले तरी ते तसेच बसून होते. “लढाई झाल्यावर लय वर्षं मी अचलपूरच्या रस्त्यानं गेलो नाई. मंग मॅडमनं नेलं एक डाव. सायकलचं दुकान होतं त्याचं. मले पाह्यलं, ओयखलं, अन् म्हनते, ‘तुमी खोटं बोल्ले साहेब. पन त्या घडीले मले तेच पाह्यजे होतं.’ अन् भजे मांगवले.” ते उठले. “तुह्या बापाजवळ मी खोटं बोलनार नाई. जे हाये ते सांगीन. चाल.”

दवाखान्यातले सर्जन तरुण होते, हुशार होते, आणि त्यांचं काही चुकत होतं असं आजही मी म्हणणार नाही. डॉक्टरही म्हणाले नाहीत. बाबांचा पाय त्यांनी पुढून, मागून, वास घेऊन, दाबून बघितला आणि त्या सर्जनना म्हणाले, “तुमी म्हनता ते बरोबर हाये. पन रक्त अजून पोचून राह्यलं बोटाइपावतर. मेलेलं तेवढं काढू, शुगर उतरवू, औषध जोरात चालवू, अन् पाहू.” सर्जन म्हणाले, “आणि वर चढलं तर?” डॉक्टरांनी त्यांच्याच खिशातला पेन काढून घेतला आणि बाबांच्या नडगीवर, लालीच्या थोडं वर, आडवी रेघ मारली. “ही आपली एल.ओ.सी. लाली याच्या पलीकडे गेली का तुमी कापा, मी सोता तुमच्या बाजूले उभा राह्यतो.” सर्जन त्या रेघेकडे बघत राहिले. मग हसले आणि मान हलवली.

डॉक्टर बाबांच्या उशाशी गेले. “भाऊसाहेब, आयका. पाय वाचंनच असं मी म्हनत नाई. दोन बोटं जातीन, हे पक्कं. पाय जाईन का राहीन, हे ही रेघ सांगंन. पन रेघ ओलांडली तं तुमाले सही करा लागंन. एका पायाचा मानूस वावर पाहू शकते. मेलेला नाई पाहू शकत. बोला.”

बाबांनी भिंतीकडचं तोंड वळवलं. त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं. “चाला, मारा रेघ,” म्हणाले.

“मारली ना जी!”

पुढचे दिवस आम्ही सगळे त्या रेघेकडे बघत जगलो. डॉक्टर दादाच्या घरी राहिले आणि त्या घरालाही शिस्त लागली. वहिनींनी टाकीतल्या पाण्याबद्दल मला बाजूला घेऊन विचारलं, मी म्हटलं, सवय होईल. सकाळ-संध्याकाळ ते दवाखान्यात जात, सर्जनच्या शेजारी उभे राहून मेलेलं मांस काढताना बघत, कधी स्वतः काढत. दोन बोटं गेली. “दोन शिपाई गेले, चौकी टिकून हाये,” असं बाबांना सांगितलं. लाली वर सरकली. रोज थोडी. एका दुपारी ती रेघेला जाऊन टेकली. नर्सनेही बघितलं, आम्हीही बघितलं. सर्जन म्हणाले, “ऑपरेशनची तयारी करतो.” डॉक्टर म्हणाले, “करा.” आणि बाहेर बाकावर जाऊन बसले. मी बघितलं, त्यांची मान खाली होती पण ते कोणाचेही पाय बघत नव्हते. संध्याकाळी सर्जन पुन्हा आले. लाली होती तिथेच होती. ते म्हणाले, सकाळपर्यंत थांबू. सकाळी मी खोलीत शिरले तेव्हा दोन्ही डॉक्टर बाबांच्या नडगीवर डोकं लावून बसले होते, गोट्या खेळणाऱ्या मुलांसारखे. लाली आणि रेघ यांच्यामध्ये कातडीची एक बोटभर पट्टी मोकळी झाली होती, बाबांच्या मूळ रंगाची. इतका सुंदर रंग मी जन्मात बघितला नाही. डॉक्टरांनी सर्जनच्या पाठीवर अशी थाप मारली की त्यांचा चष्मा बाबांच्या पोटावर पडला.

नंतरचा सबंध हिवाळा बाबा आमच्याकडे अमरावतीला होते आणि रोज सकाळी खालच्या दवाखान्यात त्यांचं ड्रेसिंग. सुरुवातीला बाबा अवघडून जायचे. पाय त्यांच्या मांडीवर ठेवताना डोळे मिटून घ्यायचे. एकदा मी पट्ट्या घेऊन शेजारी उभी होते तेव्हा त्यांनी विचारलं, “साहेब, गाव कोनतं तुमचं?” डॉक्टरांनी सांगितलं. आमच्या गावाला लागूनच ते गाव. बाबांनी त्यांच्या वडिलांचं नाव विचारलं, आईचं विचारलं. मग म्हणाले, “तुमची माय आमच्याच वावरात निंदाले ये.”

“येत असंन,” डॉक्टर कापूस दाबत म्हणाले. “सगळ्याइच्याच वावरात जाये ते. टाचा अशा फाटत तिच्या का मेण तापवून भरे भेगाइत. मी दिवा धरत जावो.”

बाबांनी पाय मागे घ्यायला बघितला. “मंग तुमी माह्या पायाले—”

“हलू नका,” डॉक्टर गरजले. “पट्टी सुटते.”

डॉक्टरांनी पट्टी पुरी केली. वर आल्यावर बाबा मला म्हणाले, “त्या बाईले पान्याचा तांब्या दुरूनच देत होते आमच्या घरचे. आन् तिचा पोरगा पाहा.” मग जेवले नाहीत ते. दुसऱ्या दिवशी मॅडमनी खालून चहा पाठवला, तेव्हा बाबांनी तो परत पाठवला आणि स्वतः काठी टेकत खाली जाऊन त्यांच्या स्वयंपाकघरात बसून प्यायला. मॅडमनी पोहे केले. डॉक्टर आणि बाबा, दोघं एकाच चटईवर. डॉक्टरांचे संपले तेव्हा बाबांनी पहिला घास घेतला होता.

जखम भरली. राजापेठेतल्या एका चांभाराकडे डॉक्टर स्वतः बसले आणि बाबांच्या पायाचं चित्र काढून, आतून मऊ, पुढून रुंद असे जोडे करून घेतले. त्यात शोभा अशी काही नव्हती, होड्याच दिसत होत्या. बाबा त्याच होड्या घालून वावरात जाऊ लागले, आणि दर दिवाळीला अमरावतीला येऊन, न सांगता मोजे काढून, व्हरांड्यात खुर्चीवर पाय पुढे करून बसू लागले. येताना तुरीच्या डाळीचं पोतं आणत. डॉक्टर डाळीला नावं ठेवत, बाबा त्यांच्या पाण्याला. मॅडम आणि मी स्वयंपाकघरातून दोघांचं भांडण ऐकत असू आणि आम्हाला फार बरं वाटे.

बाबा गेले ते त्यानंतर खूप वर्षांनी, आम्ही अकोल्याला स्वतःच्या घरात आल्यावर. दुपारी जेवून खाटेवर पडले ते उठले नाहीत. मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “चालत होते ना?” मी म्हटलं, सकाळी तुरीला चक्कर मारून आले होते. “मंग बरं,” म्हणाले. फोन ठेवला नाही. पलीकडून मला त्यांचा आवाज येत राहिला, घरात कोणाला तरी सांगत असलेला, “आपले भाऊसाहेब गेले वं.”

आता ते ऐंशीच्या पुढे आहेत. दवाखाना बंद झालाय, फियाट मुलीने विकायला लावली, ऐकू कमी येतं. मागच्या हिवाळ्यात मी अमरावतीला गेले तेव्हा व्हरांड्यात उन्हाला बसले होते, अंगावर शाल. मी शेजारी बसले. आमच्याकडे, वऱ्हाडात, आभार मानायची जिभेला सवय नाही. कोणी जीव वाचवला तरी आपण म्हणतो, चहा घेता का. एवढ्या वर्षांत, बाबांसाठी, माझ्या मुलाच्या निरोगी पोटासाठी, जिन्यावर रडताना ‘चाल बेटा’ म्हटल्यासाठी, मी त्यांना कधी काही म्हटलंच नव्हतं. आज म्हणू म्हणून आले होते. शब्द जुळवून, लाजत, हळूच म्हटलं, “डॉक्टरसाहेब, तुमचे फार उपकार झाले आमच्यावर.”

“आँ?”

मी तोंड त्यांच्या कानाजवळ नेलं आणि जोरात म्हटलं, इतकं की रस्त्याने जाणारा सायकलवाला थांबून बघायला लागला. “तुमचे फार उपकार झाले!”

ते समोर रस्त्याकडे बघत होते. “पयल्याच वेळी आयकू आलं होतं मले,” म्हणाले. “अजून एक डाव आयकाचं होतं.”

मी हसले. त्यांनी शालीतून हात काढून माझ्या डोक्यावर ठेवला, क्षणभर, फौजी माणसाला जमेल तितका. आतून मॅडम जेवायला हाक मारत होत्या. आम्ही दोघंही जरा वेळ उन्हातच बसून राहिलो.